गरम खिळा, गार खिळा

माझी मुलगी फोनवर "मी ठीक आहे" म्हणते, तेव्हा हल्ली तो आवाज बरोबर येत नाही. शब्द तेच असतात, हेलही तोच, शेवटचं "ठेवू का?" सुद्धा तसंच. पण आतून काहीतरी गळून गेल्यासारखं वाटतं. गेले अकरा दिवस मी रोज फोन करते आहे आणि रोज ती मला ठीक असल्याचं सांगते आहे. आज तर मी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

हे म्हणतात, "तू एका दमात जेवलीस का, झोपलीस का, काय खाल्लंस विचारतेस. ती बिचारी उत्तरं पाठ करून बसते."

ह्यांचं म्हणणं खोटं नाही. हे आतल्या खोलीत घोरत आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसले आहे. उद्या सकाळी दहा वाजता तिच्या कारखान्यात चौकशी आहे. तिथे ती बोलली तर तिची नोकरी जाईल. नाही बोलली तर एका म्हाताऱ्या माणसाच्या एकतीस वर्षांच्या कामावर काट मारली जाईल. आणि तिने तोंड उघडू नये, असं तिला सांगणारी मीच आहे.

पण हे असं मधूनच सांगून कुणाला काही कळायचं नाही.

घरात तिचं नाव मोजपट्टी. ते तिच्या बाबांनी ठेवलं. पाच वर्षांची असताना तिच्या हाती स्टीलची टेप लागली, सोडली की सर्रकन आत जाणारी. त्या दिवसापासून घरात मोजल्याशिवाय काही राहिलं नाही. मांजर मोजलं, चपला मोजल्या, झोपलेल्या बाबांचं पोट मोजलं आणि "कालच्यापेक्षा वाढलंय" म्हणून मला येऊन सांगितलं. एकदा शिंप्याकडे माझ्या ब्लाऊजचं माप चाललं होतं. ही खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, तुमची टेप ताणलीये." शिंपी हसला. मग तिने खिशातली स्टीलची टेप काढून त्याच्या कापडी टेपशेजारी धरली. अर्ध्या बोटाचा फरक निघाला. शिंप्याने नवी टेप घेतली, पण मला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी हिला घरी ठेवून या. गिऱ्हाइकं ऐकतात."

मी कॉलेजात इतिहास शिकले. मला वाटायचं हिनेही काहीतरी वाचण्या-लिहिण्याचं शिकावं. तिने यंत्रांचा डिप्लोमा केला. वर्गात साठ मुलं आणि चार मुली. मग आमच्या गावापासून बसने दीड तासावर असलेल्या कारखान्यात लागली. तिथेच जवळ एक खोली घेतली. एक पलंग, एक टेबल, खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा. आता तिला तिथे नऊ वर्षं झाली.

कारखान्यात प्लास्टिकचे पोकळ गोळे होतात. नातेवाईक विचारायचे, "मुलगी काय करते?" मी म्हणायची, "गोळे करते." "खेळायचे?" "नाही, कारखान्यांना लागतात." त्यावर सगळे असा चेहरा करायचे की मीच विषय बदलायची. एका सुट्टीत तिने मला समोर बसवलं. पिशवीतून दोन अर्धे गोळे काढले.

"ह्यांना आम्ही वाट्या म्हणतो," ती म्हणाली. "आधी साच्यातून वाट्या निघतात. मग दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या. खरं काम ते."

"डिंक लावून?"

"आई, ह्या प्लास्टिकला डिंक धरत नाही. वितळवूनच जोडावं लागतं."

मग तिने सांगितलं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. बोराएवढे, पातळ सालीचे गोळे ज्या यंत्रावर जोडतात त्याला तिथले लोक शिट्टी म्हणतात. ते यंत्र इतक्या वेगाने थरथरतं की ती थरथर डोळ्यांना दिसत नाही, नुसता बारीक चरचरणारा आवाज येतो आणि क्षणात कडा एक होतात. लिंबाएवढ्यांना भोवरा. एक वाटी घट्ट धरायची, दुसरी तिच्यावर गरगर फिरवायची, घासूनच कडा वितळतात, मग फिरवणं थांबवून दाबायचं. आणि त्याहून मोठे, जाड सालीचे गोळे तव्यावर. तवा म्हणजे तापवलेली लोखंडी पाटी. दोन्ही बाजूंनी एकेक वाटी येऊन तिला कडा टेकवते, पंधरा मोजेपर्यंत थांबते. मग तवा मधून बाजूला होतो आणि वाट्या एकमेकींवर येतात.

"तवा बाजूला झाला की दोन सेकंद," तिने दोन बोटं दाखवली. "त्याच्यावर एक क्षण गेला तर वितळलेल्या कडेवर साय धरते. दुधावर धरते तशी. मग दाबलं तरी ते नुसतं चिकटतं, एक होत नाही. बाहेरून काही कळत नाही."

"मग कसं कळतं?"

तिने पिशवीतून दोन गोळे काढले आणि फरशीवर टाकले. पहिला टण्ण वाजला. दुसरा थप्प.

"दुसऱ्यात पाणी शिरलंय, अगदी चमचाभर. काकांना तर हातात घेतल्याबरोबर कळतं."

तेव्हापासून आमच्या घरात टाकाऊ गोळ्यांची एक टोपली आहे. एकावर मी मोजे रफू करते. एक मागच्या दाराला अडसर म्हणून असतो. एक आमच्या गच्चीवरच्या टाकीत आठ वर्षं तरंगतो आहे, पाणी भरलं की नळ बंद करतो. हे त्याला जावई म्हणतात. "घरचा नाही, पण वेळेवर उपयोगी पडतो."

काका म्हणजे रिंगकाका. तिथे गोळ्यांचं माप बघणारे. प्रत्येक मापाच्या लोखंडी रिंगा असतात, दोन-दोन. मोठ्या रिंगमधून गोळा खाली पडलाच पाहिजे, लहानीतून पडता कामा नये. मोठीत अडला तर जास्त, लहानीतून गळला तर बारीक. दोन्ही टाकाऊ. रिंगकाका ह्या रिंगा बोटांत घालून असे काही फिरवायचे की गोळा तीन बाजूंनी तपासून खोक्यात पडलेला कळायचाही नाही. तीन बाजूंनी अशासाठी की गोळा जोडताना आत गरम हवा कोंडते, ती निवली की आक्रसते आणि साल जरा आत ओढून घेते. एका बाजूने बरोबर असलेला गोळा दुसऱ्या बाजूने बारीक असू शकतो.

तीन वर्षांपूर्वी तव्यावर तिचा हात भाजला. तिला घरी आणून सोडायला रिंगकाका बसने दीड तास आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. मी चहा दिला. त्यांनी कप हातात फिरवला, कडेवरून अंगठा नेला आणि म्हणाले, "बहात्तर." मला काही कळेना. मोजपट्टी भाजलेला हात वर धरूनच हसायला लागली. ते गेल्यावर मी तिची टेप आणून कपाचं तोंड मोजलं. बहात्तर मिलिमीटर.

त्या हातानंतर तिला काही महिने तव्यावर उभं राहता येईना, म्हणून काकांनी तिला आपल्या टेबलावर मागून घेतलं. साहेब म्हणाले, त्या टेबलावर आजवर बाई बसलेली नाही. काका म्हणाले, "गोळ्याला काय कळतंय." ते तिला मास्तरीण म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीला "का" विचारते.

तिथे नियम असा होता की जोडलेला गोळा चोवीस तास फळीवर ठेवायचा आणि मगच मोजायचा. गरम असताना तो फुगलेला असतो. निवता निवता लहान होतो. साहेबांना हे चोवीस तास डोळ्यांत खुपायचे, फळ्या भरून वाहायच्या आणि गाडी दारात उभी. मग ही मोजपट्टी. तिने दोन महिने चारशे गोळे पेन्सिलीने आकडे घालून गरम असताना आणि गार झाल्यावर मोजले. वही केली. आणि त्यावरून लेथवर एक वेगळी लहान रिंग करून घेतली, जुनीपेक्षा जाड कार्डाच्या जाडीएवढी मोठी. जोडल्यापासून बरोबर चार मिनिटांनी ह्या रिंगमधून जो गोळा गळणार नाही, तो उद्याही गळणार नाही. चोवीस तासांचं काम चार मिनिटांवर आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं.

काकांना ते पसंत नव्हतं. "गरम गोळ्याचं आणि रागातल्या माणसाचं माप घेऊ नये, मास्तरीण," ते म्हणाले होते. "दोघंही दुसऱ्या दिवशी वेगळे निघतात."

"काका, मी आकडे काढलेत."

"आकडे बरोबर असतील. घाई बरोबर नाही."

पण वापरायला लागले. आणि मग तिच्या लक्षात आलं की काका रिंगवर कोरलेला आकडा वाचत नाहीत. रिंग डोळ्यांजवळ नेतात आणि तशीच परत ठेवतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कुणाला सांगितलं नव्हतं, सात महिने काढायचे होते, मग निवृत्त. हाताला सगळं कळत होतं, पण दोन रिंगांमधला कार्डाएवढा फरक हातालाही पटकन कळत नाही. तिने कुणाला न सांगता भिंतीवर दोन खिळे ठोकले. एक लाल रंगवला, एक निळा. लालवर गरम मापाची रिंग, निळ्यावर गार मापाची. काका रंग ओळखायचे. एवढंच त्यांना पुरायचं.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं.

सकाळपासून मी तिला फोन करत होते आणि ती उचलत नव्हती. पहिला उचलला नाही, दुसरा उचलून "आई, कामात आहे" म्हणून ठेवला. ठेवताना तिच्या आवाजात काहीतरी वाटलं मला. काय, ते आजही सांगता येणार नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. सव्वादोनला मी तिसरा केला आणि म्हणाले, "मला चक्कर येतेय. हे घरी नाहीत."

मला चक्कर येत नव्हती.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ती तेव्हा टेबलाशी दोन्ही रिंगा हातात घेऊन उभी होती, एकच गोळा दोन्हींतून घालून बघत होती. माझा फोन आला. तिने रिंगा भिंतीवर टांगल्या, काकांना हाक मारून सांगितलं आणि पावणेतीनची बस पकडली. घरी आली तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. ती दारातच थांबली, माझ्याकडे बघितलं, मग वाटाण्यांकडे.

"बरं वाटतंय का आता?"

"हो, जरा पडून राहिले, बरं वाटलं."

तिने माझं कपाळ बघितलं, मनगट धरून नाडी मोजली, घड्याळ लावून. "ब्याऐंशी," म्हणाली. "चांगली आहे." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस राहिली, मला डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी वयाप्रमाणे सगळं ठीक असल्याचं सांगितलं, त्याचा तिला केवढा आनंद झाला.

घाईत तिने गार मापाची रिंग लाल खिळ्यावर अडकवली होती आणि गरम मापाची निळ्यावर. एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेपा तपासणाऱ्या मुलीने.

त्याच संध्याकाळी मोठी मागणी होती. काकांनी लाल खिळ्यावरची रिंग काढली आणि तव्यावरून उतरलेले दोन हजार गरम गोळे तपासले. रिंग होती गार मापाची, म्हणजे बारीक. गोळे गरम, फुगलेले. एरवी शंभरात दोन-तीन बारीक निघून गळायचे, त्या दिवशी एकही गळला नाही. सगळे अडले, सगळे पास. काकांना वाटलं, आजचा घाणा चांगला निघाला. रजिस्टरवर तसं लिहून सही केली. गोळे रात्रभरात निवले, त्यातले काही कार्डाच्या जाडीएवढे लहान झाले आणि सकाळच्या गाडीने गेले.

ती परत कामावर गेली तेव्हा खिळ्यांवरच्या रिंगा उलट्या होत्या. तिने त्या बदलल्या. कुणाशी बोलली नाही.

त्यानंतर पाच आठवड्यांनी दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात एक टाकी चेपली. त्या टाकीच्या डोक्यावर झडप होती आणि झडपेत तिच्या कारखान्यातला गोळा. टाकी भरत आली की गोळा तरंगत वर येतो आणि रबरी कड्याला टेकून भोक बंद करतो. टाकी उपसायला लागलं की खाली पडतो आणि भोकातून हवा आत जाते. हा गोळा बारीक होता, कड्यात जास्त खोल जाऊन रुतला आणि खाली पडेचना. खालून पंप ओढतोय, वरून हवा नाही. रिकामी बाटली तोंडाने ओढल्यावर चेपते तशी ती टाकी चेपली. बाहेरच्या शिडीवर एक माणूस होता. शिडी वाकली, तो पडला, मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला.

गोळा पिशवीत घालून परत आला. मोजला. कार्डाच्या जाडीएवढा कमी. तारीख काढली, रजिस्टर उघडलं. सही रिंगकाकांची.

अकरा दिवसांपूर्वी, रविवारी ती घरी आली. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, ती पुसत होती. हे बाहेर पेपर वाचत होते. तिने मला हे सगळं सांगितलं, पाठ माझ्याकडे करून, एकेक भांडं फळीवर ठेवता ठेवता. टाकीचं, माणसाचं, सहीचं. मग खिळ्यांचं.

"तुला नक्की आठवतंय, तूच चुकीची अडकवलीस?"

"मी परत आले तेव्हा उलट्या होत्या."

"काकांनीच नंतर उलट टांगल्या असतील."

"मीही तसंच वाटून घेतलं, आई. पाच आठवडे वाटून घेतलं." तिने नळाकडे बघितलं. "काका काढतील त्याच खिळ्यावर परत ठेवतात. त्यांना दिसत नाही ना, त्यामुळे ते कधी चुकत नाहीत."

"त्यांना माहीत आहे? तुझं?"

"माहीत असलं तरी ते विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं."

"आणि त्यांनी खिळ्यांचं सांगितलं तर?"

"खिळ्यांचं सांगितलं तर डोळ्यांचं सांगावं लागेल. ते नाही सांगणार."

मी हात पुसले. तेव्हा मला एकच दिसत होतं. ती त्या खोलीत एकटी बसलेली, नोकरी गेलेली, आणि कुणी ना कुणी म्हणणार, हीच ती, हिच्यामुळे माणूस पडला. मी म्हणाले, "तू गप्प बस. तुझा काय संबंध? सही त्यांची आहे. रिंग बघून घ्यायला नको होती त्यांनी?"

"त्यांना दिसत नाही, आई."

"मग त्या टेबलावर बसू नये त्यांनी."

तिच्या हातात तोच कप होता, बहात्तरचा. तिने तो पुसला. नको इतका पुसला. मग "बरं" म्हणाली आणि फळीवर ठेवला.

मला वाटलं होतं ती वाद घालेल. जन्मभर "का" विचारत आली ती मुलगी. मी तयारीत होते, चार मुद्दे जुळवून ठेवले होते. नुसतं "बरं" म्हणून ती चारच्या बसने निघून गेली, आणि माझे ते चार मुद्दे माझ्यापाशीच राहिले. अकरा दिवस झाले, एकेक करून सगळे नासले.

आज संध्याकाळी फोन केला.

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "जेवले. पोळीभाजी."

"उद्या किती वाजता आहे?"

"दहाला. काकांनी आज टेबल आवरलं. रिंगा तेलाच्या फडक्याने पुसल्या, डबीत ठेवल्या."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, मास्तरीण, लाल खिळ्याचा रंग उडत चाललाय, नवा हात दे. माझ्यानंतर येईल त्याला लागेल."

पलीकडे पत्र्यावर काहीतरी वाजत होतं.

"मग तू उद्या काय करणार?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तेच." आणि मग, "ठेवू का?"

तेव्हापासून मी ह्या टेबलाशी आहे. मध्ये उठून एकदा टोपलीतले गोळे बघून आले. एक उचलून फरशीवर टाकणार होते, पण हे जागे होतील म्हणून ठेवला.

मला काय करता येईल ह्याचा मी सगळीकडून विचार करून पाहिला. तिच्या साहेबांना फोन करावा, तर माझ्या तोंडून तिचं गुपित गेलं, ते ती जन्मात विसरणार नाही. रिंगकाकांचा नंबर माझ्याकडे आहे, तिचा हात भाजला त्या दिवशी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला. त्यांना काय सांगू? की तुमचे डोळे गेलेत हे मला माहीत आहे, आणि तरी मी मुलीला गप्प बसायला सांगितलं? ह्यांना उठवावं, तर हे चष्मा लावून आधी विचारतील, "चक्कर आली होती ना तुला?" उद्या तिथे जाऊन दारात उभी राहू म्हटलं तर गेटवरचा माणूस सोडायचा नाही. आणि सोडलं, तर मी कोण? आई. चौकशीत आईला काय विचारणार?

ती बोलली तर काय होईल मला माहीत नाही. तो पडलेला माणूस केस करेल का, माहीत नाही. नाही बोलली तर काय होईल, ते मात्र मला अकरा दिवस फोनवर ऐकू येतं आहे. तिनेच शिकवलं मला ते ऐकायला.

"बोल" असंही मला तिला सांगता येणार नाही. एकदा सांगून बसले आहे. आता उलट सांगितलं, तर तीही माझीच घाई, माझंच माप. ती तेही ऐकेल. "बरं" म्हणेल. तेच नको आहे मला.

पण एक गोष्ट आहे जी तिला माहीत नाही आणि मला आहे. तिच्या मनात त्या दुपारचा जो हिशोब आहे, त्यात आई आजारी होती. आईसाठी धावताना हात चुकला. त्या आकड्यावर तिने पुढचं सगळं रचलं असणार. तो आकडाच खोटा आहे. मला चक्कर आली नव्हती. मी तिला खोटं बोलून टेबलावरून उठवलं, कारण तिने एक फोन लवकर ठेवला होता. आणि वर तिलाच गप्प बसवलं. मी तिची काळजी करत होते की माझी, ह्याचं उत्तर मला आज रात्री तरी सापडलेलं नाही.

हे तिला कळल्यावर ती काय करेल, ते तिचं ती ठरवेल. तिथे विचारलं, तू कामावरून घाईत का गेलीस, तर तिला खरं सांगता येईल. सांगायचं असेल तर. मला बोलावलं तर मी जाईन, गेटवरच्या माणसाने सोडलं तर. माझ्यावर चिडेल. चिडावं. कदाचित बरेच दिवस फोन उचलणार नाही, आणि तेव्हा मी कुणाला काय विचारू, माहीत नाही.

फोन आत्ता समोरच पडला आहे. ती जागी असणार, हे मला कुणी सांगायला नको. पण आत्ता नाही करणार. पावणेसहाला ती पाणी तापत ठेवते आणि खिडकीशी उभी राहते, तेव्हा तिच्याजवळ पंधरा मिनिटं असतात आणि घाई नसते. तोवर मीही इथेच बसते.

पावणेसहाला फोन लावायचा. जेवलीस का, झोपलीस का विचारायचं नाही. ती "मी ठीक आहे" म्हणेल, त्याच्या आधी मला बोलायचं आहे.